सोलापूरहून स्पितीला चारचाकींचा ताफा: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आपल्याकडं घाट म्हणजे तुळजापूरचा. त्यापलीकडं चढ म्हणायचा तर हायवेचा उड्डाणपूल. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि हिमाचल प्रदेशातल्या स्पितीतली कुंझुम खिंड साडेचार हजारांवर, म्हणजे बरोबर दहापट. आम्ही दोनदा ताफा घेऊन ती ओलांडली. पहिल्या खेपेला जवळपास सगळं चुकलं, दुसऱ्या खेपेला बरंचसं जमलं. दोन्ही वेळी गाड्या त्याच होत्या आणि चालवणारेही बहुतेक तेच. फरक पडला तो आम्ही एकमेकांसाठी थांबायला शिकलो म्हणून. पहिल्या वेळी मी गाडीवर नको इतका खर्च केला होता, छतावर दिव्यांची पट्टी आणि पुढं लोखंडी बंपर. दिवे एकदाही लागले नाहीत, कारण तिथं रात्री गाडी चालवायचीच नसते.

१. आधी माणसं ठरवा

चार गाड्या आणि दहा-बारा माणसं, याच्यावर जाऊ नका. पाचवी गाडी आली की चहाचा थांबा वीस मिनिटांवरून पाऊण तासावर जातो आणि संध्याकाळी शेवटचा घाट अंधारात पडतो. दोनपेक्षा कमी गाड्याही नकोत, कारण अडकलेली गाडी ओढायला दुसरी लागतेच.

प्रत्येक गाडीत चालवणारे दोघं हवेत. 'मी एकटा चालवतो, मला झोप येत नाही' म्हणणारा गडी राजस्थानात कोट्याच्या पुढं हमखास डुलक्या काढतो.

निघण्याआधी एका बैठकीत तीन गोष्टी मिटवा. एक, खजिनदार कोण. मुक्काम-जेवणाचा सामायिक पैसा त्याच्याकडं, डिझेल ज्याचं त्यानं भरायचं. दोन, एखादी गाडी बंद पडली तर टोचनचा खर्च गाडीमालकाचा की सगळ्यांचा. आम्ही हे ठरवलं नव्हतं आणि दोन मित्र चार महिने बोलत नव्हते. तीन, पुढं जायचं की नाही यावर मतदान घ्यायचं नाही. एकानं जरी मनापासून 'नको' म्हटलं, तरी त्या दिवशी ताफा थांबतो.

२. तारीख

कुंझुम साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फानं बंद होते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात आणि नाल्यांना पाणी जास्त असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा: पाणी उतरलेलं असतं, आकाश स्वच्छ असतं. रात्री थंडी कडक पडते, पण ती कपड्यांनी भागते.

आता आपल्याकडची अडचण. आषाढी वारीच्या दिवसांत जिल्ह्यातले रस्ते गजबजलेले असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण परतीच्या तारखेला कोजागरी आडवी येते, हे कुणी आधी बघत नाही. त्या दिवसांत लाखो भाविक सोलापुराहून तुळजापूरला चालत जातात आणि रस्ता गाड्यांना बंद होतो. दोन हजार किलोमीटर येऊन शेवटच्या पंचेचाळीस किलोमीटरला वळसा घ्यायचा नसेल, तर कॅलेंडर आधी बघा. घरातून निघून घरी येईपर्यंत सोळा दिवस धरा. चौदात होतं, पण मग एकही दिवस हातात उरत नाही.

३. रस्ता: शिमल्याकडून आत, मनालीकडून बाहेर

सोलापूरकरांचं एक नशीब आहे. आपल्या दारातून तुळजापूरकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिस्सार करत थेट पंजाबात संगरूरला पोचतो. निम्मा देश एकाच नंबरच्या रस्त्यानं पार होतो. चंदीगड १,८०० किलोमीटरच्या पुढं भरतं. मुक्काम धुळे, कोटा आणि हिस्सार असे करा. इंदूरपर्यंत एका दिवसात मारायची हौस दाबून ठेवा. पुढं डोंगरात लागणारी ताकद मैदानातच खर्च होते.

चंदीगडहून स्पितीला दोन वाटा आहेत. मनालीकडची जवळची, शिमला-किन्नौरकडची लांबची. पहिल्यांदा आम्ही जवळची धरली, आणि ती आमची सगळ्यात मोठी चूक होती. मनाली दोन हजार मीटरवर. तिथून निघून दुसऱ्या रात्री आम्ही चंद्रताल तळ्याजवळ झोपलो, सव्वाचार हजारांच्या वर. काय झालं ते पुढं सांगतो.

बरोबर क्रम असा: नारकंडा, कल्पा, मग ताबो, मग काझा. नारकंडा २,७०० मीटरच्या आसपास, कल्पा तीन हजारांच्या जवळ, काझा ३,७०० च्या घरात. रोज थोडं थोडं चढतो आणि शरीर सोबत येतं. ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला आहे, मातीच्या भिंतींचा. तिथं अर्धा दिवस काढला की उंचीचीही सवय होते. काझ्यात दोन रात्री राहून लांग्झा, हिक्किम, कॉमिक ही वरची गावं बघा आणि झोपायला परत खाली या. त्यानंतर लोसर, कुंझुम, बातल, ग्राम्फू आणि अटल बोगद्यातून मनाली. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. या वाटेनं रोहतांग खिंड चढायचीच नसल्यामुळं तिचा परवानाही लागत नाही.

४. गाडी

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी, पाहिजेच का? सप्टेंबरात, कोरड्या हवेत, जमिनीपासून २०० मिलिमीटर उंच असलेली साधी गाडीसुद्धा या वाटेनं जाते. बोलेरो तर तिथं रोज धावतात. पण ताफ्यात निदान एक, शक्यतो दोन गाड्या लो गिअरच्या फोर बाय फोर असू द्या.

विनाटर्बो पेट्रोल गाडीची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. कुंझुमच्या चढावर ती कण्हते, तेव्हा 'गाडीत बिघाड झाला' म्हणून बॉनेट उघडून बसू नका. टर्बो डिझेलला हा त्रास कमी.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. गॅरेजवाल्यानं काही सैल ठेवलं असेल तर ते या पंधरा दिवसांत कळतं. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉकअप, बुश, कुलंट, फॅनबेल्ट, बॅटरी हे सगळं बघून घ्या. गाडीखाली चेंबरला (इंजिन ऑइलच्या भांड्याला) पत्रा नसेल तर तो बसवा. माझ्या दिव्यांच्या पट्टीपेक्षा त्याचं मोल जास्त, कारण चेंबर फुटलं की तिथं सगळं संपतं. पाचही टायर सारखे हवेत, स्टेपनीसकट. गाव सोडण्याआधी प्रत्येकानं आपल्या हातानं एकदा चाक बदलून दाखवायचं. आमच्यातल्या एकाच्या जॅकचा दांडाच गायब होता, हे असं बदलून बघितलं तेव्हाच कळलं.

हवेचं एक गणित आहे. वर बाहेरचा दाब कमी असतो, त्यामुळं सोलापुरात भरलेली हवा गेजवर चार-पाच पीएसआय जास्त दिसते. थंडीनं त्यातली थोडी खाली येते. खडकाळ रस्त्यावर २५-२६ पर्यंत उतरवली की गाडी दणके कमी देते. फार उतरवू नका, धारदार दगड टायरच्या कडेला चिरतो. डांबर लागलं की परत भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत हवा.

५. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं: आरसी, चालू विमा, पीयूसी, लायसन्स आणि प्रत्येकाचं आधार. मोबाइलवर ठेवाच, पण कागदी प्रतीही घ्या, कारण नाक्यावर रेंज नसते. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र घ्या. भारतीयांना स्पितीसाठी इनर लाइन परवाना (सीमेजवळच्या भागात जायचा) लागत नाही. सोबत अमेरिकेहून आलेला परदेशी पासपोर्टवाला भाचा असेल तर त्याला लागतो. तो किन्नौरातल्या रेकाँग पिओला काढता येतो, पण त्यासाठी वेळ राखून ठेवा.

अवजारं: टोचनची लवचीक दोरी (लोखंडी तार नको), दोन शॅकल (दोरी अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, जंप केबल, पंक्चर किट, फ्यूज, इन्सुलेशन टेप, तार, एम-सील, दोन लिटर इंजिन ऑइल आणि पाच लिटर कुलंट. प्रत्येक गाडीत एक वॉकीटॉकी. ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच आपल्याकडं विनापरवाना चालतात. तेच घ्या, दुसरे नकोत.

खाणं: यात आपण सोलापूरकर सगळ्यांच्या पुढं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पंधरा दिवस टिकते, गरम करावी लागत नाही आणि पोट धरून ठेवते. वरती पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. आम्ही तासभर स्टो जाळून कच्ची तूर खाल्ली. न्यायचाच असेल तर कुकर न्या. आणि चटणीचं सीलबंद पाकीट फुग्यासारखं टम्म झालं म्हणून घाबरू नका, चटणी खराब झालेली नसते. फोडताना मात्र तोंड लांब ठेवा. माझ्या मित्राच्या डोळ्यात गेली होती.

रोख पैसे जास्त ठेवा. काझ्यात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही. डिझेल रेकाँग पिओच्या अलीकडं पवारीला भरा, मग काझ्यात टाकी पूर्ण करा. काझ्यानंतर मनालीची बाजू येईपर्यंत पंप नाहीच असं धरून चाला.

६. सराव काळ्या रानात

डोंगर नाही म्हणून अडून बसू नका. पाऊस पडून गेलाय आणि अजून वाफसा आलेला नाही, अशा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गाडी घालून बघा. आधी रानमालकाला विचारून. टायरला मातीचे थापे बसतात, चाक नुसतं फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. एक्सलेटर दाबला की आणखी रुतते. एक्सलेटर सोडून खाली उतरायचं, चाकापुढची माती काढायची आणि दोन मिनिटं विचार करायचा, ही सवय इथंच लागते. असे दोन रविवार पुरतात. मग येडशी-रामलिंगचा घाट आणि भोरहून उतरणारा वरंध घाट करा, तोही पावसाळा संपल्यावर.

नान्नजच्या माळावर मात्र गाडी घालू नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे. रान उघडं दिसतं म्हणून ते कुणाचंच नसतं असं नाही.

७. ताफ्यात चालायचं कसं

पुढची गाडी अनुभवी चालकाची आणि शेवटचीही. कच्चे चालक मधे. पण सगळ्यात महत्त्वाचा नियम असा: मागची गाडी तुमच्या आरशात दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली की तुम्ही थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, आणि असा आख्खा ताफा आपोआप उभा राहतो. आमच्याकडं पहिल्या वेळी सगळे पुढच्या गाडीकडं बघून चालवत होते. शेवटची गाडी पंक्चर होऊन किन्नौरातल्या नाको गावाच्या वळणावर उभी होती आणि बाकीचे तिघं चहा पीत होते.

चढणाऱ्या गाडीचा मान पहिला. उतरणाऱ्यानं रुंद जागा बघून थांबायचं. उतारावर ज्या गिअरनं चढलो असतो त्याच गिअरनं उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर पंधरा मिनिटांत जळका वास येतो आणि मग ब्रेक लागेनासे होतात. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड आधीच शिकून घ्यावा.

वॉकीटॉकीवर गाणी म्हणू नका. म्हणणारा निघतोच.

८. नाला

बातल ते ग्राम्फू अंतर पन्नासेक किलोमीटर, वेळ पाच-सहा तास. या पट्ट्यात रस्त्यावरूनच ओढे वाहतात. हे पाणी हिमनदीचं. रात्री थंडीत वितळणं थांबतं, म्हणून सकाळी पाणी कमी असतं, आणि ऊन चढलं की दुपारनंतर वाढतं. सकाळी सातला घोट्याएवढा दिसणारा ओढा चारला गुडघ्याच्या वर असतो. उजाडताच निघा, इथं दुसरा उपाय नाही.

ओढ्याशी आलात की थांबा. एखादी गाडी जाताना बघा, तिची चाकं कुठं बुडतात ते लक्षात ठेवा. पाणी उथळ आणि संथ असेल तरच काठी घेऊन एकानं चालत बघायचं. मग लो गिअर, पहिला किंवा दुसरा, वेग चालण्याएवढा आणि एकसारखा. मधेच गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. एक गाडी पूर्ण पलीकडं गेल्याशिवाय दुसरी पाण्यात घालायची नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर परत चावी मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर त्या एका सेल्फमध्ये ते कायमचं जातं. पलीकडं गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

रस्ता सोडून नदीत गाडी घालायचा मोह होतो. चंद्रा नदीत गाडी घालणाऱ्यावर लाहौलच्या पोलिसांनी दंड केलेला आहे आणि ते बरोबरच आहे. चंद्रताल हे रामसर यादीतलं, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांमधलं तळं आहे. गाडी अलीकडंच लावून चालत जायचं, तंबूही काठापासून लांब.

९. अडकलेली गाडी काढताना

याच बातल-ग्राम्फू पट्ट्यात छतरूच्या अलीकडच्या एका ओढ्यात आमची तिसरी गाडी दगडावर बसली, मागचं एक चाक हवेत. आधी माणसं उतरवली आणि सामान काढलं. तेवढ्यात एकानं घाईनं दोरी बंपरला बांधली आणि पुढच्या गाडीनं झटका दिला. गाडी तिथंच राहिली, बंपर पुढं आला.

दोरी बांधायची ती चासीला बसवलेल्या टोचनच्या हुकालाच. हुक कुठं आहे ते घरीच बघून ठेवा. काही गाड्यांत तो डिकीत पान्याशेजारी असतो आणि बंपरच्या झाकणामागं आटे फिरवून बसवावा लागतो. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही दोरी अडकवू नका, तो तुटून गोळीसारखा सुटतो. दोरीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही उभं राहायचं नाही, आणि दोरीच्या मध्यावर काहीतरी जड टाकायचं, म्हणजे तुटली तरी ती झेप घेत नाही.

जड म्हणजे काय टाकायचं? सोलापूरकराला हे विचारावं लागत नाही. आमच्या एका मित्रानं गाडीतली चादर उचलली आणि दोरीवर टाकली. दुसरा ओरडला, "ती आईनं दिलेली नवी चादर हाय बे!" तोवर चादर अर्धी ओल्या वाळूत गेली होती. त्या जाड विणीच्या वजनानं दोरी खाली दबून राहिली. या वेळी झटका न देता हळूहळू ताण दिला आणि गाडी दगडावरून घसरत मोकळी झाली. तेव्हापासून प्रत्येक गाडीत एक जुनी चादर या कामासाठीच ठेवतो.

१०. उंचीचा त्रास

कुंझुमवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७-५८ टक्के असतो. तुम्ही रोज पाच किलोमीटर पळता की नाही याच्याशी त्रासाचा संबंध नाही. आमच्यात पहिला आडवा झाला तो व्यायामशाळेत जाणारा.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. पहिल्या खेपेला मनालीहून चंद्रतालजवळ गेलो, त्या रात्री नऊला त्या व्यायामशाळेवाल्याचं डोकं ठणकायला लागलं, अकराला उलट्या, आणि एकला तो तंबूच्या दारापर्यंत सरळ चालू शकत नव्हता. आम्ही त्याला आल्याचा चहा आणि डोकेदुखीची गोळी देत बसलो. अंधारात नाले ओलांडायची हिंमत नव्हती. उजाडल्यावर खाली नेलं, आणि मनालीला पोचेपर्यंत तो विनोद करायला लागला. नशीब म्हणायचं. चालताना तोल जाणं, बडबडणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यात फेस येणं ही थांबून बघायची लक्षणं नव्हेत. गाडीत घालून लगेच खाली उतरायचं. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

डोकं दुखत असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. दारू नाही, एक पेगसुद्धा नाही. हा नियम बैठकीतच लिहून घ्या, तिथं कुणी ऐकत नाही. रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटावं. उंचीच्या त्रासासाठी प्रतिबंधक गोळ्या असतात, पण त्या आपापल्या डॉक्टरांना विचारूनच. आणि त्रास होतोय हे लपवू नका. आपल्याकडं 'मला काही होत नाही' म्हणणं मर्दपणाचं समजतात. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही एकेकाला समोर बसवून विचारतो: जेवलास का, झोपलास का, डोकं दुखतंय का. बायका हे खरं सांगतात, पुरुषांना तीनदा विचारावं लागतं.

११. परतताना

मनालीला गाडी खालून पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन घ्या. चाकांचे नट परत आवळा, एअर फिल्टर झाडा, ब्रेकच्या नळ्या बघा. मैदानात आलो की वेग वाढतो आणि डोंगरात सैल झालेलं तिथं कळतं. आमच्या एका गाडीचा शॉकअप जयपूरच्या अलीकडं ठक ठक करायला लागला, तो मनालीलाच दिसायला हवा होता.

शेवटचा मुक्काम धुळ्यात करा. तिथून संभाजीनगर, बीड करत संध्याकाळपर्यंत तुळजापूर येतं. आम्ही तिथं थांबतो, दर्शन घेतो आणि मंदिराबाहेर चहा पिता पिता खजिनदार वही काढतो. हिशेब तिथंच मिटवा. घाट उतरून सोलापुरात शिरलं की प्रत्येकाचा फोन वाजायला लागतो आणि मग कुणाचे किती राहिले ते दिवाळीपर्यंत कळत नाही.